चाळीस डॉलरचा कॅमेरा आणि कस्टम्सचा तमाशा

डोकं फिरलंय आज, लिहूनच टाकतो. जुने कॅमेरे आणि लेन्स विकायचा माझा साइड धंदा आहे, धंदा कसला, हौसच म्हणा. बुधवारी नाहीतर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारायची, कुणाच्या तरी माळ्यावरून आलेला आग्फा क्लिक थ्री दिसला की उचलायचा, पुसायचा, शटर पडतंय का बघायचं आणि ऑनलाइन टाकायचा. बडोद्यात बनायचा हा कॅमेरा, साधा डबा आहे, पण आपल्याकडे कित्येक घरांतल्या मुंजी-बारशांचे फोटो त्यानेच काढलेत, आणि तिकडे अमेरिकेत फिल्मचं वेड लागलेल्या पोरांना त्याचं भारी अप्रूप. ४० डॉलर देतात. आता या ४० डॉलरपायी काय काय होतं ते ऐका.

२०१६पासून तिकडे ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल ड्युटी न लागता आत जायचं. मस्त चाललं होतं. २९ ऑगस्ट २०२५ला ती सूट सगळ्या देशांसाठी बंद झाली, आणि त्याच आठवड्यात भारतीय मालावरचं टॅरिफ ५० टक्क्यांवर गेलं. ड्युटी गोळा कुणी करायची, भरायची कशी, हेच तिकडून नीट ठरलेलं नव्हतं, म्हणून आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासूनच अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं, ते १५ ऑक्टोबरला सुरू केलं तेव्हा घोषित किमतीवर सरसकट ५० टक्के, तेही बुकिंग करतानाच भरा. मधल्या काळात माझी ऑर्डर आलेली, मग काय, कुरिअर.

कुरिअरवाल्यांचं गणित तर वेगळंच. कॅमेरा केससकट अर्धा किलोच्या आसपास. पण काच आहे म्हटल्यावर बबल रॅप करून तीस बाय पंचवीस बाय वीस सेंटीमीटरच्या खोक्यात घातला, तर त्यांनी तिन्ही मापं गुणली, पाच हजाराने भागली आणि म्हणाले तीन किलो. अहो तीन किलो कुठून? हवेचे पैसे घेताय का? हो, हवेचेच घेतात. भाडं कॅमेऱ्याच्या किमतीच्या वर गेलं, तरी म्हटलं जाऊ दे, गिऱ्हाईक भाडं देतोय.

मग म्हणे परचेस इन्व्हॉइस द्या. जुन्या बाजारात जमिनीवर चादर टाकून मांडलेल्या मालाचं जीएसटी बिल कोण देतं हो? तो माणूस नोटा मोजतो, कॅमेरा कालच्या पेपरात गुंडाळतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो, संपला व्यवहार. पण काउंटरवरच्या पोराला ते पटेना. बिल नाही तर व्हॅल्यू कशावरून टाकली? च्यायला, कुणीतरी तेवढे पैसे देतंय त्यावरून टाकली!

माझा राग ५० टक्क्यांवर नाहीये, दर काय, आज चढतील उद्या उतरतील. राग याचा की या सगळ्या सिस्टिममध्ये वापरलेल्या वस्तूला जागाच नाही. टपालाच्या कस्टम्स फॉर्मवर बघा, गिफ्ट आहे, डॉक्युमेंट आहे, सॅम्पल आहे, विक्रीचा माल आहे. खाली वर्णनात मी ठळक लिहितो की हा जुना, वापरलेला, चामड्याची केस फाटलेला कॅमेरा आहे, पण ड्युटी तशीच लागणार जशी कालच कारखान्यातून निघालेल्या मालावर लागते. या डब्यावरचा कर कुणाच्या तरी आजोबांनी दुकानात कधीच भरलाय, राव.

लेन्सची तर अजून मजा. एका लेन्सवर 'मेड इन जपान' कोरलंय, जपानी मालावर तेव्हा १५ टक्के होते. पण पार्सल पुण्याहून टपालाने गेलं की तेव्हा सरसकट ५० लागायचे. बरं, एखादी वस्तू शंभर वर्षांहून जुनी असली तर अमेरिकेच्या ड्युटीच्या यादीत अँटिकांचा वेगळा गट आहे, त्यावर नेहमीची ड्युटी शून्य. वा! पण आपल्याकडे १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची वस्तू म्हणजे पुरावशेष, ती खाजगी माणसाने देशाबाहेर पाठवणंच गुन्हा. म्हणजे तिकडे फुकट जाणारी वस्तू इथून जाऊच शकत नाही. कुणाला दंडवत घालायचा सांगा.

आणि गिऱ्हाईक काय म्हणतं, 'गिफ्ट' लिही ना, शंभर डॉलरपर्यंत गिफ्टला सूट आहे. नाही लिहिणार. पैसे घेऊन विकलेली वस्तू गिफ्ट कशी, आणि पकडलं तर सही माझी आहे, तुझी नाही.

तर व्हायचं तेच झालं. ओहायोतल्या त्या माणसाच्या दारात कॅमेरा पोचला तेव्हा सोबत बिल, ड्युटी वेगळी आणि कुरिअरची प्रोसेसिंग फी वेगळी, फी ड्युटीपेक्षा मोठी. लिस्टिंगमध्ये लिहिलेलं होतं की ड्युटी घेणाऱ्याने भरायची, वाचतो कोण? त्याने पार्सल नाकारलं, साइटने त्याला पैसे परत दिले, आणि परतीचं भाडं माझ्या बोकांडी.

कहर पुढेच आहे. कॅमेरा मुंबईत उतरला आणि कस्टम्सचा मेसेज, ड्युटी भरा. माझ्याच कॅमेऱ्यावर! आपलीच म्हैस चरून गोठ्यात परत आली म्हणून तिच्यावर जकात लावल्यासारखं आहे हे. नियमात सूट आहे, तीन वर्षांच्या आत परत आलेल्या मालाला, पण गेलेली वस्तू तीच आली हे कागदावर सिद्ध करा, आणि जातानाच्या कागदावर कुरिअरवाल्याने नुसतं 'यूज्ड कॅमेरा' टाकलेलं. सिद्ध नाही झालं तर तो परदेशातून मागवलेला सेकंडहँड माल, आणि तसा माल आणायला डीजीएफटीची, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार खात्याची, परवानगी लागते. बडोद्यात बनलेला कॅमेरा भारतात आणायला परवानगी! लिस्टिंगचे फोटो पाठवलेत, केसवरची फाटकी जागा लाल गोल करून दाखवलीये, उत्तर नाही, आणि गोदामाचं भाडं रोज चढतंय.

आणि आज सकाळी त्या ओहायोवाल्याचा मेसेज, सॉरी म्हणतोय, अजून इंटरेस्टेड आहे, परत पाठवाल का? पाठवतो की. आधी ड्युटी, फी, जायचं भाडं, यायचं भाडं आणि गोदामाचं भाडं असं सगळं माझ्या खात्यात टाक, मग बोलू.