ह्युमिडिफायरच्या पाण्याचाही हिशेब धरा

ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) लावला की दमट हवा जास्त उबदार वाटते, म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे हीटरचं तापमान ठरवणारं बटण, एक अंश खाली आणला की बिल घटतं, असं एका लेखात म्हटलंय. पण पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता हिशेबात धरलेलीच नाही. एक लिटरला साधारण 0.68 युनिट. अल्ट्रासॉनिक यंत्र (पाणी न उकळता कंपनांनी त्याचा तुषार करणारं) वीज कमी खातं हे खरं, पण त्याचा तुषार हवेतली उष्णता घेऊनच विरतो आणि ती तूट शेवटी हीटरच भरतो.

250 घनमीटरचं घर घ्या. तासाला निम्मी हवा बदलते. 20 अंशांना आर्द्रता 20 वरून 40 टक्क्यांवर ठेवायची तर दिवसाला सुमारे 10 लिटर पाणी, म्हणजे 7 युनिट. एक अंश कमी केल्याने, आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकामागे 200 वॅट उष्णता गमावणाऱ्या घरात, वाचतात जेमतेम 5. (घराला हवेच्या फटी जितक्या जास्त, तितकं पाणीही जास्त!)

घसा कोरडा पडतो म्हणून जरूर लावा, बचतीसाठी नको. काचेच्या खालच्या कडेला पाणी साचू लागलं तर आर्द्रता लगेच उतरवा, नाहीतर चौकटीत बुरशी धरते. पण ह्युमिडिफायर लावण्याआधी दारं-खिडक्यांच्या फटींना रबरी पट्टी लावा. हिवाळ्यात घर कोरडं पडतं ते मुख्यतः फटींतून शिरणाऱ्या थंड हवेमुळेच.