पोराला खेळातून उठवण्याची खात्रीशीर पद्धत

नऊ वर्षांचं पोर दप्तर फेकून खाली खेळायला पळतं आणि अंधार पडेपर्यंत वर येत नाही. कुणी पाठवलेलं नाही, कुणी काही देणार नाही, तरी पळतं. हा फुकटचा उत्साह वेळीच आवरायला हवा.

सुरुवात बक्षिसापासून करा. पन्नास धावांना शंभर रुपये. रक्कम मात्र आधी जाहीर करायची. मॅच संपल्यावर अवचित आइस्क्रीम खिलवलंत तर काहीच बिघडणार नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली बालवाडीतल्या, चित्रांची मुळातच हौस असलेल्या मुलांवर हे पडताळलं. 'चित्र काढलंस तर प्रमाणपत्र' असं आधी कबूल केलेली मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अवचित प्रमाणपत्र मिळालेल्यांची हौस शाबूत राहिली. (मुळात आवडच नसेल तर ही युक्ती चालत नाही. मारायला आधी काहीतरी जिवंत लागतं.)

मानसशास्त्रज्ञ डेसी आणि रायन म्हणतात, आतून येणारी ओढ तीन गोष्टींवर जगते: आपलं आपण ठरवणं, जमतंय ही जाणीव आणि आपलेपणा. पहिली सोपी आहे. त्याला लेगस्पिन टाकायचीय? ओपनिंगला पाठवा. 'का?' विचारलं तर कारण देऊ नका.

दुसरीला चिकाटी लागते. गेल्या आठवड्यात दहातले चार चेंडू बॅटच्या मधोमध बसले, या आठवड्यात सहा, अशी नोंद चुकूनही ठेवू नका. पोराला आपली प्रगती दिसेल. तुलना शेजारच्याशी करा, शक्यतो वयोगट ठरवणाऱ्या कट-ऑफ तारखेनंतर लगेच जन्मलेल्याशी. एकाच गटात तो अकरा महिन्यांनी मोठा निघतो, चार बोटं उंचही असतो, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही. कौतुक करायचंच झालं तर 'उपजत टॅलेंट आहे हो!' असं चारचौघांत करा. मग टॅलेंट उघडं पडायच्या भीतीने तो अवघड बोलर समोर आला की नॉन-स्ट्रायकर एंडला राहायला शिकतो. मेहनतीचं कौतुक कटाक्षाने टाळा. त्याने पोरं आउट झाल्यावरही नेटमध्ये परत येतात.

पण खरं काम होतं ते परतीच्या वाटेवर. पोरगा सातवर आउट झालाय. त्या सातात कव्हरमधून जमिनीलगत गेलेला एक चौकार आहे आणि त्याला फक्त त्याबद्दल बोलायचंय. बोलू देऊ नका. हेल्मेट घालता घालता विचारा, "तो बाहेरचा बॉल सोडायचा नव्हता का?" सिग्नलला फीचा आकडा सांगा. सोसायटीच्या गेटपाशी, "मी तुझ्या चांगल्यासाठीच बोलतोय." पुढच्या वेळी तो मॅचआधी तुमच्याकडे बघेल. फटक्यासाठी बॅट मागे उचलतानाही बघायला लागला, म्हणजे औषध लागू पडलं.

आपलेपणासाठी वेगळे कष्ट नकोत. लांबची अकादमी गाठा, संध्याकाळचे गल्लीतले मित्र आपोआप सुटतात. आठवड्याचे सरावाचे तास त्याच्या वयाच्या आकड्याहून जास्त ठेवा; दुखापतींचा धोका तिथून वाढतो, तेवढीच मदत.

एवढं करून बॅट माळ्यावर गेली की धाकटीकडे वळा. ती सध्या पार्किंगमध्ये मोडक्या स्टंपांवर खेळते, एक टप्पा आउट की नॉटआउट यावर तासभर भांडते आणि उद्या पुन्हा जाते. तिला अजून कुणी प्रोत्साहन दिलेलं नाही. सोमवारी फॉर्म घेऊन या.