पाणी उतरल्यावर काय पाठवणार?

सकाळपासून सोसायटीच्या ग्रुपवर पूरग्रस्तांसाठी जुने कपडे गोळा करणं चाललंय. मी विचारलं, गमबूट पाठवू या का? हातमोजे? तर एकाने हसण्याची इमोजी टाकली. तेव्हापासून डोकं फिरलंय.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. माझ्या मामाचं किराणा दुकान माळ्यापर्यंत बुडालं. पाणी उतरलं तशी मदत आली, भरपूर आली. बिस्किटं, चादरी, पाण्याच्या बाटल्या. मामा अनवाणी चिखल उपसत होता. फुगून फुटलेली तांदळाची पोती, मेलेल्या घुशी, सगळं एकाच घमेल्यात. टाचांना भेगा तर त्याच्या बारमाही. मी फोनवर ओरडले तर म्हणतो, "अगो, ह्याच मातीत वाढलो, मला काय होतंय?"

लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार, त्याच भेगांतून शिरतो. उंदीर-घुशींचं, गुरांचं मूत पुराच्या पाण्यात मिसळतं, आणि कातडी जिथे फाटलेली तिथून जंतू आत. लगेच काही दिसत नाही. बहुतेकदा आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर शिबिरं उठलेली, कॅमेरे गेलेले, मदतीचे ट्रक परत.

मामाला दहाव्या दिवशी ताप भरला. करोनाचे दिवस, म्हणून आधी ती टेस्ट. निगेटिव्ह. मग एका दवाखान्यात 'व्हायरल आहे' म्हणून तापाची गोळी. पोटऱ्या इतक्या ठणकत होत्या की मोरीपर्यंत जाताना भिंत धरायचा. डोळे लाल झाले, मामीला वाटलं जागरणाने. पिवळे झाले तेव्हा कुठे कुणीतरी विचारलं, चिखलात होतात का? अहो, चिपळुणात त्या आठवड्यात चिखलात कोण नव्हतं!

तीनदा डायलिसिस करावं लागलं. वाचला.

मान्य, लेप्टो होऊ नये म्हणून गोळ्या वाटल्या होत्या. डॉक्सीसायक्लिनचं पाकीट मामाच्या शर्टाच्या खिशातच निघालं, न फोडलेलं. पण देणारा नुसतं 'घ्या' म्हणून पुढे गेला. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पुढे ऑगस्टमध्ये लेप्टोने माणसं गेली. सोळा वर्षांनंतरही गोळी कशाची हे सांगायला दोन मिनिटं नसावीत? त्या पोराचा राग नाही येत आता. दिवसभर दारोदार फिरून तोही थकला असेल. पाणी उतरलं की पूर संपला, असं धरून चालणाऱ्यांचा येतो.

आणि पुण्याहून आलेली ती कॉलेजची मुलं. हाफ पँट, स्लिपर, मामाच्या दुकानातला गाळ आपल्या घरचा असल्यासारखा काढला त्यांनी. घरी गेल्यावर त्यातलं कुणी तापलं असेल, तर तिथल्या डॉक्टरला पुराची शंका तरी आली असेल का? अजून आठवतात ती मुलं.

कपडेही लागतात, नाही म्हणत नाही. मामीने चार दिवस एका साडीत काढले.

पण मी गमबूटच पाठवतेय. कुणाला पैसे घालायचे असतील तर इनबॉक्समध्ये या. आणि गाळ काढायला जाणार असाल तर निघण्याआधी डॉक्टरांना त्या गोळीचं विचारा. आत्ताच मामाला फोन केला होता. म्हणाला, "मापं विचारून घे. मोठा बूट चिखलात रुततो, पाय तेवढा बाहेर येतो."