बॅटरीत मीठ टाकू नका, हात जोडून सांगतो

"मेलेल्या इन्व्हर्टर बॅटरीतलं अ‍ॅसिड ओतून द्या, कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट, ते नसेल तर तुरटी नाहीतर घरातलं मीठ कालवून भरा, रात्रभर चार्ज करा, बॅटरी नवी, कंपन्या हे लपवतात." हा व्हिडिओ महिनाभर सगळ्या ग्रुपवर फिरायलाय. मी सोडून दिला असता, पण सेलूच्या मामांनी खरंच करून बघितलं, चार सेलमध्ये एप्सम, ते संपलं म्हणून उरलेल्या दोनमध्ये मीठ, आणि बॅटरी झोपायच्या खोलीत. पहाटे मामी खोकतच उठल्या, डोळे लालभडक.

मिठात क्लोराईड असतं. चार्जिंग लागलं की पॉझिटिव्ह प्लेटवर त्याचा क्लोरीन वायू होतो, आणि बंद खोलीत तो छातीत गेला तर माणूस दवाखान्यात जातो. वरून क्लोराईड शिशाच्या प्लेटाही खातं. बॅटरीवाला नळाचं पाणी नको, डिस्टिल्डच टाका म्हणून ओरडतो ते यासाठीच, आणि आपण मूठभर मीठ टाकायलोत!

एप्सम म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, कापसावर लाल्या आला की फवारतो तेच. म्हणे ते प्लेटांवर बसलेलं लेड सल्फेट, म्हणजे बॅटरी मारणारा शिशाचा थर, विरघळवतं. उलटंय, पाण्यात आधीच सल्फेट जास्त असलं की लेड सल्फेट आणखी कमी विरघळतं, बारावीच्या केमिस्ट्रीत आहे हे. मामा म्हणायलेत पंखा वीस मिनिटं चालला की. चालणारच, चार्ज करताना प्लेटांवरचं थोडं सल्फेट परत अ‍ॅसिड होतं, ती करामत चार्जरची. तुरटीचंही तेच, तीही सल्फेटच.

बरं, एवढं मान्य, काही कंपन्या स्वतःच थोडं सोडियम सल्फेट टाकतात, पण ते पूर्ण उतरलेल्या बॅटरीत आतून शॉर्ट होऊ नये म्हणून. मेलेली उठवायला नाही.

आणि लपवतंय कोण? अमेरिकेत बॅटरी उठवायची म्हणून एडी-एक्स-२ नावाची पावडर विकायचे, त्यात हीच दोन, सोडियम आणि मॅग्नेशियम सल्फेट. तिथल्या सरकारी नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सनं तपासून सांगितलं, उपयोग नाही. त्यावरून 1953 मध्ये त्यांच्या संचालकाला, अ‍ॅलन अ‍ॅस्टिनला, सरकारनं राजीनामा द्यायला लावला, शास्त्रज्ञ खवळले, त्याला परत घ्यावं लागलं, आणि तिथल्या शास्त्रज्ञांच्या नॅशनल अ‍ॅकॅडमीच्या समितीनंही त्याच वर्षी ब्युरोचंच खरं ठरवलं. सत्तर वर्षं झाली, सगळं उघड्यावर आहे.

मामा, बॅटरी आजच भंगारात द्या, वजनावर पैसे येतात. मोरीपाशी अ‍ॅसिड ओतलंय तिथं खायचा सोडा टाका, वरची माती हातमोजे घालून काढून घ्या, त्यात शिसं असतं, आणि तोवर लेकरांना तिकडं खेळू देऊ नका.