मावशी कोण करणार?

आमचा कट्टा सांगलीत कृष्णेच्या घाटावर भरतो, आयर्विन पुलाकडं तोंड करून, रात्री साडेआठला. भडंगाची पुडी फुटली की चर्चा सुरू झाली असं समजायचं. परवा पहिली पुडी संपली, दुसरी संपली, आणि विषय मात्र जागचा हलेना. यंदा मंडळाचं नाटक कुठलं?

मी मंडळाचा प्रॉम्प्टर. सगळ्यांची वाक्यं पाठ असलेला आणि फोटोत कधीच नसलेला माणूस. विंगेत उभं राहून दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची इतकी सवय लागलीय की कट्ट्यावरही मी बोलतो कमी आणि टिपतो जास्त. हे त्यातलंच.

सुरुवात हिरोनं केली. हिरो म्हणजे आमचा सगळ्यात धाकटा, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाला, "फार्स करू, गोंधळाचं विनोदी नाटक. 'मोरूची मावशी'. मी मावशी."

मास्तर भडंग चावायचे थांबले. चाळीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस, राज्य नाट्य स्पर्धेच्या तीन फेऱ्या बघितलेला. "ह्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं. दर ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनाला, आपण त्यांच्या नावाच्या नाट्यमंदिरात हात जोडून उभं राहायचं आणि डिसेंबरात काय करायचं? बाप्या लुगडं नेसून पळतोय आणि त्याच्या मागं म्हातारा पळतोय!"

"मास्तर," सीए म्हणाला, "भाव्यांच्या सीतेलाही मिशी काढूनच उभं केलं होतं की."

हे खरंच होतं. मास्तर जरा गप्प झाले.

सीए हा खरोखरचा सीए. मंडळाचा हिशोब त्याच्याकडं, त्यामुळं त्याला कला फार लवकर कळते. गेल्या साली आम्ही दुष्काळावरचं दोन अंकी केलं. काळा पडदा, एक कंदील आणि भरपूर शांतता. पाऊणशे लोक आले होते. त्यात निम्मे नातेवाईक, आणि मध्यंतरात उठून गेला तो माझा सख्खा मेव्हणा. "नाट्यगृहाचं भाडं, लाईटवाला, मेकअपवाला, टेम्पो," सीए बोटं मोडत गेला. "शांततेचे पैसे कोण देणार?"

मास्तरांनी मग विद्वत्तेची बाजू उघडली, आणि इथं त्यांनीच स्वतःचा पाय खड्ड्यात घातला. म्हणाले, फार्स हा शब्दच बघा किती घसरला. एकोणिसाव्या शतकात पौराणिक खेळ संपल्यावर मंडळ्या फार्स करायच्या, आणि त्या काळी फार्स म्हणजे हसायचंच असं नव्हतं. अफझलखानाच्या मृत्यूचासुद्धा फार्स व्हायचा! पुढं देवल आले...

"देवल कुठले?" सीएनं विचारलं.

"हरिपूरचे." घाटावरून चालत निघालं तरी पोचता येईल असं गाव.

"आणि त्यांचं 'संशयकल्लोळ' म्हणजे काय?" सीए म्हणाला. "नवरा बायकोवर संशय घेतोय, बायको नवऱ्यावर. मूळ फ्रेंच, मोलिएरचं. इंग्रजीतून फिरून हरिपुरात आलं. १८९३ ला गद्यात 'फाल्गुनराव', १९१६ ला पदं घालून 'संशयकल्लोळ'. हा फार्स नाही तर काय कीर्तन आहे? सांगली नाट्यपंढरी असेल तर मास्तर, फार्स हा त्या पंढरीतलाच वारकरी आहे."

मला वाटतं मास्तरांना हे सगळं सीएपेक्षा जास्त माहीत होतं. त्यांना फक्त कुणीतरी हरवायला पाहिजे होतं.

मग पैशाचा मुद्दा निघाला. 'मोरूची मावशी' अत्र्यांची, १९४७ ची. सीए म्हणाला, अत्रे गेले १९६९ साली. लेखक गेल्यावर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क चालतो, म्हणजे २०२९ संपेपर्यंत परवानगी घ्यायची, मानधन द्यायचं. वर संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. ते सगळं रीतसर करायचं, त्यात काही वाद नाही. "पण अत्र्यांनी ज्यावरून घेतलं ते 'चार्लीज आंट' ब्रँडन थॉमसचं. थॉमस गेला १९१४ ला. ते नाटक कधीच मोकळं झालंय. मूळ घेऊन आपणच आपलं रूपांतर केलं तर?"

कट्ट्यावर क्षणभर शांतता. आपणच करायचं म्हणजे लिहायचं कुणी, हे सगळ्यांच्या मनात आलं आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पुलाकडं बघितलं.

हे मूळ नाटक मी वाचलेलं आहे, म्हणून सांगतो. १८९२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडातल्या बेरी सेंट एडमंड्स नावाच्या गावात ते पहिल्यांदा झालं, राजधानीत नाही. त्याच वर्षाच्या शेवटी लंडनला गेलं आणि पुढं तिथं सलग १,४६६ प्रयोग झाले. ऑक्सफर्डची दोन पोरं. त्यांना दोन पोरींना जेवायला बोलवायचंय, पण वडीलधारी बाई हजर नसेल तर पोरी येणार नाहीत. ब्राझीलहून एकाची श्रीमंत मावशी येणार असते, ती वेळेवर येत नाही. मग मित्राला बाईचे कपडे घालून बसवतात. गंमत म्हणजे ते कपडे त्याच्याकडं आधीच असतात, कारण तो एका हौशी नाटकात म्हातारीचं काम करणार असतो! म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीचा तो सगळा गोंधळ आमच्यासारख्याच एका हौशी मंडळाच्या कपडेपटातून सुरू झाला. मी हे सांगितलं तर हिरोनं टाळी मागितली. दिली.

"पण आज पोरींना मावशी कशाला पाहिजे?" सीए म्हणाला. "त्या स्वतःच फोन करून येतात." यावर बराच वेळ गेला. बॅचलरना फ्लॅट मिळत नाही म्हणून मावशी, अशी कल्पना निघाली आणि लगेच मेली, कारण तो सिनेमा सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. द्राक्षबागायतदार आत्या आणि तिची सही, अशी दुसरी निघाली. तासगावची आत्या, पंचवीस एकर बाग, आणि तिच्या मागं लागलेले दोन म्हातारे. ही मला आवडली. टिपून ठेवली.

आता नेप्या. नेप्या म्हणजे नेपथ्य, धंद्यानं सुतार. इतका वेळ तो तंबाखू मळत होता. म्हणाला, "तुम्ही मावशी मावशी करताय. फार्स दारावर चालतो. किती दारं?"

चार, असं कुणीतरी म्हणालं.

"मग मला आठ दिवस आधी हॉल द्या." आणि त्यानं जे सांगितलं ते त्या रात्रीचं सगळ्यात शहाणं बोलणं होतं. फ्लॅटमध्ये, म्हणजे चौकटीवर कापड ताणून केलेल्या नाटकातल्या भिंतीत, बसवलेलं दार आपटलं की अख्खी भिंत थरथरते, आणि भिंत थरथरली की प्रेक्षकाला घर दिसायचं बंद होतं, कापड दिसतं. म्हणून दाराची चौकट फ्लॅटपासून सुटी ठेवायची, मागून तिरका टेका द्यायचा, खाली वजन. कडी खरी नाही लावायची, लोहचुंबक लावायचं. दार नेहमी आत, विंगेकडं उघडायचं, म्हणजे उघडं दार नटाला झाकत नाही. त्याला हे अनुभवानं कळलंय. एका जुन्या प्रयोगात कडी आतून पडली आणि नवरदेव खिडकीतून आला. तो त्या रात्रीचा सगळ्यात मोठा लाफ होता, म्हणून दुसऱ्या प्रयोगालाही नवरदेव खिडकीतूनच आला. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

का हसलं नाही यावर मास्तर आणि हिरो भिडले. हिरोचं म्हणणं, नटानं मजा घेतली की प्रेक्षक घेतो. मावशीचा पदर पडला की प्रेक्षकाकडं बघून डोळा मारायचा, टाळी घ्यायची, दोन पदरची वाक्यं टाकायची. मास्तर उसळले. "ॲडिशन! सगळ्या हौशी नाटकांची कबर ॲडिशननं खणलीय. विजय चव्हाणांची मावशी बघितलीस का? तो माणूस साडीत होता, पण घाबरलेला खरा होता."

हिरोनं रेकॉर्डिंग बघितलं होतं. मान्य करायला तयार नव्हता, पण गप्प बसला.

माझं मत मास्तरांच्या बाजूनं. विंगेतून मी मोजलंय. वाक्य पडतं, हसू चढतं, शिगेला जातं, उतरायला लागतं. अगदी विझायच्या आधी पुढचं वाक्य यायला पाहिजे. लवकर आलं तर हशात बुडतं, उशिरा आलं तर खोकला ऐकू येतो. आणि हे सगळं करताना नटानं चेहऱ्यावर दाखवायचं की हसू त्याला ऐकूच आलेलं नाही. डोळा मारणाऱ्याला हे जमत नाही.

इतका वेळ ताई नुसती ऐकत होती. ताई बँकेत आहे, मंडळात बारा वर्षं. त्या बारा वर्षांत तिनं आई, सासू, शेजारीण आणि एकदा दुष्काळ केला. आता तिनं विचारलं, "साडी नेसून पुरुष आला की हसायचं ते कशाला? साडीला?"

"तसं नाही गं ताई—" हिरो.

"तसंच आहे. माझं माहेर कुडाळकडं. जत्रेत रात्रभर दशावतार बघितलाय. तिथंही पुरुषच राणी होतो. राणी रडते तेव्हा माझी आजी रडायची. लुगड्याला कुणी हसत नव्हतं. हसायचे ते संकासुराला."

मास्तरांना जोर आला. "बालगंधर्व घे. पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले ते आपल्या मिरजेत, शकुंतला म्हणून. पुढं घराघरातल्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला लागल्या. आणि आपला हा काय करणार? काखेत हात घालून खाजवणार!"

"पण मास्तर," मी पहिल्यांदा तोंड उघडलं, "बालगंधर्व पुरुष लपवत होते. मावशीत पुरुष दिसलाच पाहिजे. तिच्या मागं लागलेल्या म्हाताऱ्यालाच तेवढा दिसत नाही, कारण त्याची नजर तिच्या इस्टेटीवर आहे. हसायचं त्या म्हाताऱ्याला. हिरो साडीवर खेळला तर ताईचं बरोबर. म्हातारं हावरट खेळलं तर फार्स बरोबर."

ताईनं थोडा विचार केला. "म्हातारं कोण करणार?"

"मास्तर," सीए म्हणाला. मास्तरांनी नाही म्हटलं नाही. ते भडंग शोधू लागले.

"मग मावशी मी करते," ताई म्हणाली.

हिरोचा चेहरा बघण्यासारखा झाला. सीएनं विचारलं, अगं मग त्यात काय, बाई बाईचं काम करणार. ताई म्हणाली, नाही. मी पहिल्या प्रवेशात पोरगा म्हणून येणार. त्या पोराला साडी नेसवतात. म्हणजे बाई पोरगा होणार आणि तो पोरगा बाई होणार. शंभर वर्षं पुरुषांनी आमचं काम केलं, एकदा उलटं करून बघू.

यावर जे भांडण झालं ते पुढच्या पुलापर्यंत ऐकू गेलं असेल. मास्तर म्हणाले, हशाची किल्लीच हरवली. विग सरकेल, आवाज फुटेल, ही भीती प्रेक्षकाला असते म्हणून तो हसतो. खाली बाईच असली तर भीती कसली? सीए म्हणाला, तिकीट खपेल, कुतूहलानं. नेप्या म्हणाला, मला दारं चारच ना? हिरो काही म्हणाला नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं, कारण मावशी म्हणजे हौशी नटाच्या आयुष्यातलं एक स्वप्न असतं हे मला माहीत आहे. मलाही करायची होती, पंचवीस वर्षांपूर्वी. मला प्रॉम्प्टिंग दिलं.

मला मास्तरांचा मुद्दा अर्धा पटतो. भीती पाहिजेच. पण पहिली पंधरा मिनिटं ताई पक्का पोरगा वाटली, प्रेक्षक ती बाई आहे हे विसरला, तर साडी नेसताना भीती दुप्पट होईल. नाही वाटली तर पहिल्याच अंकात नाटक मेलं. मधलं काही नाही.

मी हे म्हटलं, तर ताई उठली. नेप्याचं जॅकेट घेतलं, केस आत कोंबले, आणि घाटाच्या पायऱ्यांवरून दहा पावलं चालून दाखवली.

"खांदे फार हलवतेस," हिरो म्हणाला. इतका वेळ गप्प होता, पण राहवलं नाही. "तो सिनेमातला पोरगा झाला. आमच्यातला कुणी असा चालत नाही."

"मग कसा?"

हिरो उठला, चालून दाखवलं. हात खिशात नाही, एक हात मोबाईलवर, मान खाली, चप्पल घासत. ताई त्याच्या मागून चालली. परत. नेप्या म्हणाला, चप्पल बदल, लेडीज चपलेचा आवाज येतोय, आणि स्वतःची काढून दिली. मास्तर पायरीवर बसूनच ओरडले, "वळताना कमरेतून नाही, पायातून वळ!" आणि लगेच माझ्याकडं बघून पुटपुटले की मी अजून हो म्हटलेलं नाही.

मी नाटकाच्या वहीत 'तासगावची आत्या' च्या खाली लिहिलं, चप्पल, साईज ८.