चेसिस प्लेटवर पंच मारू नका: फिरत्या संदेशाला उत्तर

‘जुन्या गाडीची चेसिस प्लेट तासाभरात नवीकोरी करा’ असा एक संदेश सध्या जोरात फिरतोय. चेसिस प्लेट म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक असलेली, गाडीवर बसवलेली धातूची छोटी पट्टी. चिंच-मीठ लावा, वायर ब्रश मारा, पुसट आकडे पंचाने (आकडा उमटवायच्या पोलादी ठशाने) पुन्हा ठोका, खळग्यात काळा रंग भरा, पॉप रिव्हेटने (मधे भोक असलेल्या पोकळ खिळ्याने) बसवा आणि एवढं करून जमलं नाही तर नवी प्लेट बनवून घ्या, अशी ती कृती. धाकट्या भावाने तो मला पाठवून खाली लिहिलं, ‘पंचांचा सेट आणलाय.’ म्हणून आधी पंचांचंच बोलतो. बाकीच्या काही चुका निस्तरता येतात, ही येत नाही.

‘पुसट आकडे त्याच जागी ठोका.’ अजिबात नको! पंच बसतो तेव्हा आकड्याच्या तळाखालचा धातूही दबून कडक होतो. वरचा आकडा घासून गेला तरी हा दबलेला थर बऱ्याचदा शिल्लक असतो. पोलादावर कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण फिरवलं, की दबलेला आणि न दबलेला भाग वेगवेगळा झिजतो आणि गेलेला आकडा उमटतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळा मिटवलेले नंबर असेच वाचतात. वरून नवा पंच मारलात, की तो जुना दाबच मोडतो. मग तिथे ३ होता की ८, हे कोणालाही सांगता येणार नाही.

शिवाय हाताने धरलेला पंच जुन्या ठशात तंतोतंत बसत नाही. केसभर सरकला तरी दुहेरी कड दिसते. आकड्यांची घडणही जुळत नाही: ४ चं टोक उघडं की बंद, ३ चं डोकं गोल की सपाट, हे कंपनीगणिक बदलतं. पातळ पत्र्याची पट्टी गाडीवर असतानाच ठोकली तर मागे आधार नसल्याने ती खोलगट होते आणि भोकांपाशी चिरते. तपासणाऱ्याला हे सगळं चोरीच्या गाडीसारखंच दिसतं. अमेरिकेत तर ओळख क्रमांक जाणूनबुजून काढणं किंवा बदलणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पुसट आकडा वाचायचा असेल तर अंधारात टॉर्च पट्टीला जवळजवळ टेकवून तिरका धरा आणि चारही बाजूंनी फोटो घ्या. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. जे दिसेल ते चेसिसवरच्या (गाडीच्या सांगाड्यावरच्या) ठशाशी आणि कागदपत्रांशी ताडून पाहा. तरीही वाचता आला नाही, तर तसाच राहू द्या.

याच संदेशात ‘१७ अक्षरी नंबर नसेल तर प्लेट खोटी’ असंही ठोकून दिलंय. १७ अक्षरांची पद्धत अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली रीत होती. विंटेज गाडीवर १७ अक्षरं दिसली, तर उलट तेव्हाच शंका घ्या.

चिंच-मिठाने पितळ चमकतं, पण जास्त वेळ ठेवलं तर तांबूस पडतं. अ‍ॅल्युमिनियमला मीठ खड्डे पाडतं आणि रंग काढायला म्हणून सुचवलेला कॉस्टिक सोडा तर अ‍ॅल्युमिनियम चक्क खातो. वायर ब्रशने कोरीव अक्षरांच्या कडा गोल होतात. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब आणि कापसाची काडी एवढं पुरतं. थिनर वापरायचाच असेल तर आधी कोपऱ्यात टिंबभर लावून बघा, कारण छापील पट्टीवरची अक्षरं एका पुसण्यात जातात.

रंग भरण्याचं मात्र, नाइलाजाने का होईना, मान्य करावं लागेल. पितळेची कोरीव पट्टी असेल आणि खळगा खोल असेल, तर ही युक्ती चालते. पण संदेशात म्हटलंय तसं ‘लगेच बोटाने पुसा’ हे चूक, कारण बोट खळग्यात शिरतं आणि रंग ओढून काढतं. इनॅमल रंग पूर्ण वाळू द्या, मग १५०० नंबरचा पॉलिश पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळून, पाणी लावून, फक्त उंचवट्यांवरून हलकेच फिरवा. पितळ दिसलं की थांबा.

‘नवी प्लेट म्हणजे जुनीच समजा.’ ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फीवा’ हिने २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्यूरिन सनद याच्या नेमकी विरुद्ध बोलते: आधी जतन, कमीत कमी हस्तक्षेप, बदललेल्या भागावर कायमची खूण आणि केलेल्या कामाची नोंद. प्रतिकृती लावलीच तर ती प्रतिकृती आहे हे तिच्यावर लिहा आणि मूळ तुकडा, कितीही सडका असला तरी, गाडीच्या कागदांसोबत ठेवा.

राहिले रिव्हेट. शक्यतो पट्टी काढूच नका, जागेवरच साफ करा. काढणं भागच असेल तर छिन्नी नको. अनेक जुन्या पट्ट्या पिळाच्या, ठोकून बसवायच्या खिळ्यांवर असतात. मागून टोक पकडीत धरून ते उलटे फिरवले की निघतात. मागून हात पोचत नसेल तर डोक्याला बारीक खाच पाडून स्क्रू ड्रायव्हरने फिरवा. बसवताना त्याच जातीचे खिळे घ्या, कारण पॉप रिव्हेटच्या मधलं भोक लांबूनही ओळखू येतं. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि पोलादी पत्रा यांच्यामध्ये मेणाचा पातळ थर द्या, नाहीतर मागे ओल साठून पट्टी भोकांपासून सडायला लागते.