सब घोडे बारा टक्के

ऑनलाइन गेमची निर्मिती आपल्या हाती असेल आणि एकाही खेळाडूने कधी कुरकुर करू नये अशी आपली इच्छा असेल, तर तक्रारीचे मूळ क्लासच्या, म्हणजे खेळाडूने निवडलेल्या लढवय्याच्या प्रकाराच्या, दुबळेपणात नसून त्याच्या वेगळेपणात असते, हे आधी पक्के ध्यानात घ्यावे. ‘रोग’ (Rogue) नावाचा लढवय्या लपतछपत येऊन पाठीत खंजीर खुपसतो, ‘मेज’ (Mage) नावाचा जादूगार लांबून आग ओततो. मग कोणीतरी कोणी किती इजा केली ते मोजणारा डॅमेज मीटर उघडतो आणि भांडण जुंपते.

या बाबतीत ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा इतिहास अभ्यासण्यासारखा आहे. २००४ साली हा गेम आला तेव्हा शमन हा क्लास फक्त होर्ड या पक्षाकडे आणि पॅलाडिन हा क्लास फक्त अलायन्स या विरुद्ध पक्षाकडे असे. शत्रूकडे आहे ते आपल्याला कधीच मिळणार नाही, हा उघड अन्याय २००७ च्या जानेवारीत ‘द बर्निंग क्रुसेड’ या विस्तारभागाने दूर केला. त्याच वेळी शमनला मात्र साथीदारांचा वेग चाळीस सेकंदांपुरता तीस टक्क्यांनी वाढवणारा मंत्र मिळाला आणि रेड, म्हणजे बलाढ्य शत्रूंवर चाल करून जाणारी टोळी, जमवणाऱ्यांना त्याची मनधरणी करावी लागू लागली. एखाद्या खेळाडूवाचून इतरांचे अडावे, ही कोणत्याही गेमला न शोभणारी गोष्ट होय. २०१० च्या ‘कॅटॅक्लिझम’ या विस्तारभागात तोच परिणाम ‘टाइम वॉर्प’ या नावाने मेजला मिळाला, शिवाय हंटरच्या पाळीव कोअर हाउंडलाही मिळाला. पूर्वजांच्या आत्म्यांशी संवाद साधून शमनने जे कमावले होते, ते आता दोन तोंडांच्या कुत्र्याला नुसते भुंकून साधू लागले.

गैरसोयींचीही गय करू नये. वॉरलॉक या क्लासला पूर्वी मरणाऱ्या शत्रूचा आत्मा खेचून सोल शार्ड, म्हणजे मंत्रांसाठी लागणारे आत्म्याचे तुकडे, मिळवावे लागत आणि प्रत्येक शार्ड पिशवीतला एकेक कप्पा अडवीत असे, त्यामुळे रेडपूर्वी तो बिचारा कुठेतरी एकटाच किरकोळ प्राणी मारीत बसे. हंटर बाणांचे ओझे वाही. ही दोन्ही लोढणी त्याच वर्षी गळून पडली आणि वॉरलॉक असल्याची आठवण करून देणारा एक त्रास कमी झाला. (तो त्रास आवडणारेही काही जण होते, अशांचे मत विचारात घेऊ नये.)

एवढ्यावर न थांबता आपण प्रत्येक क्लासला एक झेप, एक ढाल, शत्रूचा मंत्र तोडणारे एक कौशल्य आणि स्वतःची जखम भरून काढण्याची एक सोय द्यावी, सर्वांचे कूलडाउन (कौशल्य पुन्हा वापरण्याआधीचा थांबा) सारखे ठेवावे आणि ज्वाळांचे रंग तेवढे निरनिराळे ठेवून पॅच नोट्समध्ये, म्हणजे गेममधील बदलांच्या जाहीर यादीत, त्यालाच ‘क्लासची स्वतंत्र ओळख’ म्हणावे. तरीही लाल ज्वाळा निळीपेक्षा जास्त लागते असे सांगणारे निघतीलच; त्यांच्यासाठी पुढच्या पॅचमध्ये लाल रंग थोडा फिका करावा.